भाचीच्या झटक्यांबद्दल : दादा, आधी फाईल ताब्यात घ्या

बेळगावजवळच्या खानापूरच्या दादांनी लिहिलंय की सहा महिन्यांच्या भाचीला वेस्ट सिंड्रोम, म्हणजे तान्ह्या बाळांना येणारा झटक्यांचा आजार सांगितलाय, बहीण नुसती रडत बसलीय, मामा म्हणून मी काय करू. वाचून काटा आला बघा अंगावर. आमच्या पोराचं सेम हेच. पाचवा महिना, झोपेतनं उठला की मान पुढं टाकायचा, दोन्ही हात फेकायचा, एक-दोन सेकंद, मग थांबून परत, असं दहा-बारा वेळा. आम्ही पोटात कळ म्हणून ग्राइप वॉटर पाजत बसलो, आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, त्यात तीन आठवडे गेले. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. इंजेक्शन का गोळ्या, किती दिवस, ते तुमच्या न्यूरोवाल्यांनाच विचारा.

ईईजी, एमआरआय, झटक्याचा व्हिडिओ हे तुमचं झालेलं दिसतंय, त्यात शिरत नाही.

मी जिथं आपटलो तेवढं सांगतो. घाबरून आम्ही पोराला उचललं ते थेट एका मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलात, रोख भरून ॲडमिट. बीपीएल कार्ड घरात कपाटात. चौथ्या दिवशी शेजारच्या कॉटवरचा माणूस म्हणाला, कार्ड हाय की तुमच्याकडं, पैसे का भरायलाय? काउंटरवर गेलो तर म्हणाले सरकारी दवाखान्याचं रेफरल लेटर कुठाय. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार आहेत, पण इमर्जन्सी सोडली तर आधी सरकारी दवाखान्यातनं रेफर व्हावं लागतं. हे आम्हाला ॲडमिट करून घेताना कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. भरलेले पैसे गेलेच.

बरं, लेटर काढायला गेलो तर पोराचं नाव रेशन कार्डावर नाही. ते चढवायला आधार पाहिजे, आधारला जन्मदाखला, आणि दाखल्यावर नावच नाही, कारण बारसं व्हायच्या आधीच काढलेला. त्यात बाळंतपण माहेरी झालेलं, म्हणून दाखल्यावर आईचं नाव माहेरच्या आडनावानं आणि रेशन कार्डावर सासरच्या. आणि हॉस्पिटलच्या फाईलीत पोराच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच! एका कचेरीत सात खेपा मारल्या. एकदा सर्व्हर डाऊन, एकदा साहेब मीटिंगला, बाकी नुसतं 'नाळे बर्री'. उद्या या म्हणे. मी खिडकीत उभा आणि बायको तिकडं वॉर्डात एकटी, पोराचं बीपी वाढलंय म्हणून घाबरून फोन करायली, मी उचलू शकत नाही कारण माझा नंबर आलेला. लेटर हातात पडेपर्यंत १ लाख ८० हजार गेलते, सोसायटीत बायकोच्या पाटल्या ठेवून. त्या खिडकीतल्या माणसाचं तोंड अजून स्वप्नात येतंय.

म्हणून माझं मत असं, पटलं तर घ्या. मामानं पोरगीला खेळवायची नाही, फाईल सांभाळायची. आई-बाप त्या अवस्थेत कागद वाचूच शकत नाहीत. आजच्या आज दाखला, दोघांचे आधार, रेशन कार्ड आणि हॉस्पिटलची फाईल शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. आणि फॉर्म कन्नडात असतोय, वाचता येणारा मित्र सोबत न्या. मी स्वतः एकीकरणवाला आहे, म्हणजे हा सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणारा, मोर्चात जातोय, पण त्या खिडकीपुढं वाद घालून माझा अर्धा दिवस गेला आणि कागद तसाच राहिला.

दुसरं, दारात उभं राहा. आमच्याकडं बघायला येणाऱ्या बायका बायकोला विचारायच्या, ग्रहणात काही चिरलं होतंस काय ग? असल्यांना तिथंच चहा पाजून परत पाठवायचं. कोण म्हणेल गोळ्या गरम पडतात, बंद करा. अजिबात नको, झटक्याचं औषध डॉक्टरला न विचारता एकदम बंद केलं की झटके दुप्पट जोरानं उलटू शकतात.

आणि मोठं भावंड असलं तर त्याला तुमच्याकडं न्या. आमची थोरली तेव्हा दुसरीत होती, महिनाभर तिच्या वेण्या शेजारच्या काकू घालायच्या, आम्हाला माहीतही नव्हतं. शाळेतनं 'आई कुठाय' विचारलं की 'दवाखान्यात' एवढंच सांगायची म्हणे.

किरकोळ गोष्टी. व्हिगाबॅट्रिन हे झटक्याचं औषध लिहून दिलं असेल तर आमच्या गल्लीतल्या मेडिकलात ते कधीच नसायचं, आठ दिवस आधी सांगून ठेवा, आणि त्यात डोळ्यांची तपासणी लागते, ती विसरू नका. हुबळी-बेंगळूरला जाणार असाल तर आपल्या कर्नाटकच्या सरकारी साध्या आणि एक्सप्रेस बसला बहिणीचं तिकीट लागत नाही, आधार ठेवा, पण स्लीपर-एसीला ते चालत नाही. मिरज-कोल्हापूरला नेणार असाल तर महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतलाय, तुमचं गाव त्यात आहे का आणि कुठले कागद लागतील हे ॲडमिट करायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला विचारा. आधी म्हणजे आधी, दादा, पोरगीला कॉटवर ठेवल्यावर नाही.

झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर १०८. कुशीवर झोपवा, तोंडात चमचा घालू देऊ नका, कांदा-चप्पल घेऊन आजी धावत येतीलच, त्यांना अडवायचं कामही तुमचंच.

दाखल्यावर भाचीचं नाव घातलंय का ते बघून इथं कळवा. नसेल तर आम्ही काय काय केलं ते उद्या सविस्तर लिहितो, आत्ता पोराच्या औषधाची वेळ झालीय.