जुन्या चिनी डब्या घेताना आणि मांडताना

पोर्सेलीनची पहिली डबी विकत घेण्यापूर्वी नक्षीकडे नंतर पाहावे. आधी झाकण काढून त्याची कड निरखावी. झाकण आणि तळ जिथे टेकतात तो भाग बहुधा झिलईविना ठेवलेला असतो, कारण एरवी दोन्ही भाग भट्टीत एकमेकांना चिकटले असते. या उघड्या कडांचा पोत व रंग वेगळा दिसला, तर झाकण दुसऱ्याच डबीचे असण्याची शंका घ्यावी.

तळावरील राजचिन्हावर, म्हणजे सम्राटाच्या राजवटीचे नाव सांगणाऱ्या खुणेवर, मात्र विसंबू नये. कांगशी सम्राटाची राजवट १६६२ ते १७२२ पर्यंत चालली, तरी जिंगदेझेन या चीनमधील पोर्सेलीनच्या गावातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकातही त्याचे चिन्ह आदरापोटी लिहिले. अशा डब्या सुंदर असतात. फक्त त्यांना कांगशीकाळाची किंमत देऊ नये.

सुरुवातीला शिक्क्याच्या लाल शाईच्या चपट्या डब्या पाहाव्यात. बुडालेल्या जहाजांतील मालही विचारात घेण्याजोगा आहे: १८२२ मध्ये बुडालेल्या ‘टेक सिंग’मधून १९९९ साली सुमारे साडेतीन लाख नग वर काढले गेले, त्यामुळे त्यांचा काळ ठाऊक आहे, जरी खाऱ्या पाण्याने पुष्कळांची झिलई मंदावली असली.

घरात मांडताना काचेचे कपाट खच्चून भरण्यापेक्षा गडद लाकडावर तीन-चार डब्या, मध्ये मोकळी जागा सोडून ठेवाव्यात. झिलईवर रंगवलेली मिनाकारी व सोनेरी रेघ घासल्याने झिजते, म्हणून मऊ कुंचल्याने धूळ झटकावी, आणि डबी उचलताना कधीही झाकणाला धरू नये.