दुखणं थांबलं, पण हात वर जात नाही

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मिस्टरांचं वय ४३. दीड महिन्यापूर्वी त्यांना व्हायरल ताप येऊन गेला आणि आठवड्याभरात एका रात्री उजवा खांदा इतका ठणकायला लागला की पहाटेपर्यंत खुर्चीतच बसून होते. पंधरा दिवसांनी दुखणं उतरलं पण आता दोरीवर टॉवेल टाकायलाही हात वर जात नाही, आणि पाठीला तेल लावताना बघितलं तर उजवा खवाटा बाहेर आलाय. एक डॉक्टर फ्रोजन शोल्डर म्हणाले, दुसऱ्यांनी मानेचा एमआरआय बघून डिस्क सरकलीय, ऑपरेशन करू म्हणून सांगितलं. काय करावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, ऑपरेशनची तारीख एवढ्यात घेऊ नका, आधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. चाळिशीनंतर डिस्क थोडीफार सरकलेली कितीतरी जणांच्या एमआरआयमध्ये दिसते, ज्यांना काही त्रास नाही त्यांच्याही. तुम्ही सांगितलेला क्रम मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आधी ताप, मग अचानक रात्रीचं भयंकर दुखणं, आणि ते उतरता उतरता हाताची ताकद गेली. याला पार्सोनेज-टर्नर सिंड्रोम म्हणतात, पार्सोनेज आणि टर्नर या दोन डॉक्टरांनी १९४८ साली असे १३६ पेशंट नोंदवले होते. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना सूज येते, बऱ्याचदा इन्फेक्शन, ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतर.

घरी एक बघा, त्यांचा हात तुम्ही हलकेच वर उचला. तुमच्या हाताने सहज वर जातो पण त्यांचा त्यांना उचलत नाही, असं असेल तर फ्रोजन शोल्डर नसावा, कारण त्यात दुसऱ्याने उचलला तरी खांदा अडतोच. मग दोन्ही तळहात भिंतीला टेकवून ढकलायला सांगा आणि पाठीमागून बघा, खवाटा पंखासारखा उठला तर तो धरून ठेवणाऱ्या स्नायूची नस दुखावलेली असू शकते.

पक्कं निदान मात्र तपासणी आणि ईएमजी-एनसीएस टेस्ट (नसा आणि स्नायूंमधले विजेचे संकेत मोजणारी) करूनच. ही टेस्ट पहिल्या तीन आठवड्यांत केली तर नॉर्मल येऊ शकते, तुमचे तेवढे दिवस होऊन गेलेत, त्यामुळे आता करायला हरकत नाही. हिपॅटायटिस ई ची रक्ततपासणी करायची का तेही विचारा, त्या व्हायरसनंतर हा आजार झालेला दिसतो. स्टेरॉइडचा फायदा झाला तर सुरुवातीलाच होतो, आता भर फिजिओथेरपीवर, आणि ताकद यायला महिने लागतात, कधी दोन-तीन वर्षंही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे ते खचणार नाहीत.

पण पायातली ताकद कमी वाटली, लघवीवरचा ताबा गेला किंवा आडवं झाल्यावर दम लागायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्या.