नुसत्या पॅशनवर किती दिवस निघतात?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात बँकेत नोकरीला आहे. जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांनी उतरायच्या दगडी विहिरी, बघायचं मला वेड आहे. सुट्टी मिळाली की गाडी काढतो, जातो, फोटो काढतो आणि त्यावर लिहून ऑनलाइन टाकतो. सुरुवातीला ओळखीच्यांनी खूप कौतुक केलं, आता मोजके लाइक येतात. मित्र म्हणतात रील कर, लेख कोण वाचतंय. पॅशन असलं की यश मिळतंच असं सगळीकडे ऐकतो, मग माझं पॅशन कमी पडतंय का? (पत्रासोबत लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीवर एक अख्खं पान आहे, ते जागेअभावी इथे देता आलं नाही.)

उत्तर : दादा, पॅशन कमी पडत नाहीये. पण पॅशन असलं की यश येतंच हे अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या वाक्यापायी कितीतरी चांगली माणसं मध्येच सोडून देतात, कारण यश आलं नाही म्हणजे आपली आवडच खोटी असं त्यांना वाटायला लागतं. आवडीचं काम एवढंच की तुम्हाला टिकवून धरायचं. वाचक आवडीने येत नाहीत हो, ते तुम्ही जे काम करून ठेवता त्याच्यामुळे येतात, आणि उशिरा येतात.

एक गोष्ट मात्र स्वतःला विचारून बघा, आवड बारवेची आहे की बारवेवर लिहिणारा माणूस म्हणून ओळख होण्याची? दोन्ही थोड्या थोड्या असतातच सगळ्यांना, त्यात वाईट काही नाही, पण लाइक कमी झाले की दुसरी सुकते आणि पहिली असली तर रविवारी तुमची गाडी निघतेच. तुमच्या पत्रात लाइकचं रडगाणं एका ओळीचं आणि लिंबचं वर्णन पानभर, त्यामुळे मला तुमची काही काळजी वाटत नाही.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना पानिपतच्या आधीच्या काळातली पत्रं मिळाली ती वाईला. त्यावरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली आला आणि मग ते थांबलेच नाहीत, गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरची, फडताळातली दप्तरं उपसून एकूण 22 खंड काढले. आता त्या कामात रोज काय असणार विचार करा, मोडी वाचायची, तारीख लावायची, नक्कल करायची, कसरीने खाल्लेला कागद जपून उलगडायचा. याला कोण टाळ्या वाजवणार? पण ज्याला विषयाचं वेड आहे त्याला हेच कंटाळवाणं काम करावंसं वाटतं, आणि माझ्या मते खऱ्या आवडीची ओळख इथेच पटते. मजेच्या भागात सगळेच रमतात.

दुसरं नाव मला फार जवळचं आहे, र. धों. कर्वे. गणिताचे प्राध्यापक, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी पुढे प्राध्यापकीवर पाणी सोडावं लागलं, आणि जुलै 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. लैंगिक आरोग्य, संततिनियमन, स्त्रियांचा हक्क, म्हणजे त्या काळी ज्यावर चारचौघात बोलायचीसुद्धा चोरी होती ते सगळं त्यात साध्या सरळ मराठीत. पैसे मिळायचे तर सोडाच, पदरचे जायचे. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातला 1934 चा खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच होता, आणि कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, अंक निघत राहिला. 1953 मध्ये ते गेले तोपर्यंत, म्हणजे 26 वर्षं. वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं लिहायला बसले की मला दर वेळी हा माणूस आठवतो. त्यांच्या हयातीत त्यांना यशस्वी म्हणणारे किती असतील? पण आज आपण कुटुंबनियोजनावर घराघरात मोकळेपणाने बोलतो त्याची सुरुवात शोधत गेलं की त्यांच्यापाशी जावंच लागतं.

आता तुमच्या कामाचं बोलू. तुमचे लेख मी वाचले, फोटो सुंदर आहेत, पण प्रत्येक लेखात ‘अद्भुत’ आणि ‘आपल्या पूर्वजांचं कौशल्य’ येतं आणि पायऱ्या किती ते येत नाही. मोजा ना! टेप घेऊन जा, तोंडाची लांबी-रुंदी घ्या, देवकोष्ठ, म्हणजे भिंतीतले देवांचे कोनाडे, किती आणि कोणत्या बाजूला ते लिहा, शिलालेख असेल तर त्याचा ठसठशीत फोटो टाका. जुन्या वास्तुग्रंथात वापीचे, म्हणजे बारवेचेच, प्रकार आहेत, एका बाजूने उतरायची वाट असली तर नंदा, दोन असल्या तर भद्रा, तीन तर जया आणि चार तर विजया, तर तुम्ही बघितलेल्या बारवा यात बसवून बघा, ज्या बसत नाहीत त्यांवर तर वेगळा लेखच होईल. एकच बारव मे महिन्यात आणि श्रावणात अशी दोनदा बघा, पाणी कुठल्या पायरीला असतं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, मोट कधी बंद पडली, गाळ शेवटचा कधी काढला, पाणी आता कोण वापरतं. लिंबचीच घ्या, एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणजे किती बैल, पाणी पाटाने कुठल्या मळ्याला जायचं, हे मला कुठल्याच रीलमध्ये दिसलेलं नाही. आणि कधी रजा काढून परभणी जिल्ह्यात जाऊन या, वालूरची गोल गोल उतरत जाणारी बारव बघितलीत की तुमचं पुढचं वर्षभराचं लिखाण आपोआप ठरेल.

मित्र रील कर म्हणतात, करा की, त्यात कमीपणा काही नाही. फक्त मोजमाप लेखात राहू दे. रील आज बघतात आणि उद्या विसरतात, पण एखाद्या गावाने बारव साफ करायला घेतली तर त्यांना शोधून शोधून तुमचा लेखच लागणार आहे.

प्रश्न : मी जळगावची, गृहिणी. खानदेशी पदार्थांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली ती निव्वळ आवडीने. आता त्यातून बऱ्यापैकी पैसे मिळतात, घराला हातभार लागतो. पण व्ह्यूज पनीर आणि पास्त्याला येतात म्हणून तेच करते आणि कॅमेरा लावायचाच कंटाळा यायला लागलाय. आवडीचा धंदा करू नये म्हणतात ते खरं का?

उत्तर : ताई, घराला हातभार लागतोय ही छोटी गोष्ट नाहीये, त्यामुळे पनीर बंद करा असं मी अजिबात सांगणार नाही. पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय बघितलंय का? ते उभं करणाऱ्या दिनकर केळकरांचं दुकान चष्म्याचं होतं आणि वेड जुन्या दिव्यांचं, अडकित्त्यांचं, कोरीव दरवाज्यांचं, वाद्यांचं. गावोगाव हिंडून हजारो वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि शेवटी सगळं सरकारला देऊन टाकलं. मला त्यात हे महत्त्वाचं वाटतं की पोट वेगळीकडे भरत होतं म्हणून कुठला अडकित्ता घ्यायचा हे त्यांना गिऱ्हाइकाला विचारावं लागलं नाही.

तुमचं पोट आणि वेड एकाच चॅनेलवर आलंय, कंटाळा त्याचाच आहे. मग वार वाटून घ्या. बाकीचे दिवस व्ह्यूजचे आणि आठवड्यातला एक दिवस तुमचा, त्या दिवसाचे आकडे बघायचेच नाहीत. त्या दिवशी कळण्याची भाकरी करा, फौजदारी डाळ करा, उन्हाळ्यात बिबडे करा, ज्वारी भिजवण्यापासून ते कापडावर थापून उन्हात वाळवेपर्यंत सगळं न कापता दाखवा, आणि घरातल्या मोठ्या बायकांना कॅमेऱ्यासमोर बोलू द्या, त्यांचं मोजमाप वाटी-चमच्यात नसतं, ‘हाताला कळतं’ म्हणतात ना ते नेमकं काय कळतं हे त्यांच्याकडून काढून घ्या. परदेशात राहणाऱ्या खानदेशी मुली पास्ता तुमच्याकडून शिकणार नाहीत, बिबडे शिकतील. आणि समजा नाहीच आले व्ह्यूज, तरी कंटाळा जाईल याची मला खात्री आहे.

प्रश्न : मी लातूरला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात आधी पॅशन शोध मग काहीतरी सुरू कर. मला कशाचंच पॅशन नाही. बाबा मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत, सुट्टीत मी पण जातो. माझ्यासारख्याने काय करायचं?

उत्तर : अरे, हे ‘आधी शोध मग कर’ कुणी सांगितलं तुला? बहुतेकांना गोडी काम करता करता लागते. वीस वर्षांच्या पोराला पॅशन नाही म्हणून अपराधी वाटावं, याचा मला खरंच राग येतो. तू सुट्टीत मोंढ्यात जातोस म्हणजे सोयाबीनचा, तुरीचा सौदा कसा होतो हे तू डोळ्यांनी बघितलंय, आणि ते शहरातल्या माझ्या निम्म्या वाचकांना माहीत नाही. तिथूनच सुरू कर. आवडतंय का हे आत्ता ठरवू नकोस, एक हंगाम जाऊ दे. यंदाची तूर यायला लागली की जुने व्यापारी मूठभर दाणे हातात घेऊन ओलावा कसा सांगतात, कशावरून भाव पाडतात, शेतकरी तेव्हा काय म्हणतो, हे बाबांना विचार, शेतकऱ्यालाही विचार, दोघांचं वेगवेगळं लिहून काढ आणि मला पाठव.