लेकासोबत राजगड, पण गुडघ्यांचं काय?

प्रश्न : मुलगा डिसेंबरात परदेशातून सुट्टीला येतोय. दोघांनी राजगड चढू म्हणतो. माझं वय 62, उतरताना गुडघे दुखतात. जमेल का?

उत्तर : आधी डॉक्टरांना गुडघे दाखवा. त्यांनी हो म्हटलं तर गुंजवणे गावाहून चोर दरवाजाची वाट टाळा, शेवटचा टप्पा खडा आहे. पाली दरवाजाने जा, तिथे पायऱ्या आहेत. गुडघ्यांवर खरा भार उतरताना येतो. लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या दोन काठ्या घ्या, उतारावर त्या थोड्या लांब करा, पावलं आखूड टाका. माणशी 3 लिटर पाणी, ओझं लेकाच्या पाठीवर. पुढे मात्र तुम्हीच चाला. तो पुढे गेला की थांबून दम खातो आणि तुम्ही पोहोचताच निघतो. तुमची विश्रांती बुडते! बालेकिल्ल्याचा कातळ या खेपेला सोडा, पद्मावती माची पुरे.