शाळेत जंताची गोळी मिळते, तरी मुलाचं पोट सारखं का दुखतं? (मोहोळ तालुका, सोलापूर)

गोळी चांगलीच आहे, पण ती सगळ्यावर लागू पडत नाही. शाळेत मिळते ती अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम, चावून खायची. गोल जंत आणि अंकुशकृमी तिनं पडतात. जिआर्डिया आणि अमिबा हे मात्र जंतच नव्हेत. ते डोळ्यांना न दिसणारे एकपेशी जीव, दूषित पाण्यातून येतात आणि त्यांचं औषध वेगळं. चिकट, दुर्गंधी, तेलकट जुलाब आणि गुबारा धरलेलं पोट असेल तर माझा पहिला संशय जिआर्डियावर. तो रोज शौचातून पडत नाही, म्हणून एक तपासणी निर्दोष आली तरी वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्या. डबीत लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका.

आणि घरातल्या बायकांकडेही बघा, हे कळकळीनं सांगतो. उसाला पाणी द्यायला अनवाणी गेलं की ओल्या मातीतली अंकुशकृमीची अळी पायाच्या कातडीतून आत शिरते, पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. खालची पापणी ओढून बघा, आत पांढरट दिसली तर हिमोग्लोबिन तपासा. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही, जंतही काढावे लागतात.

पिण्याचं पाणी उकळूनच द्या. नेहमीच्या क्लोरीनला जिआर्डिया सहज दाद देत नाही.