प्रश्न: अलिबागजवळच्या खारेपाटात समुद्राला लागून भातशेतीची गावं कशी वसली?

ही जमीन मुळात खाडीची. भरतीचं पाणी जिथे शिरायचं तिथे लोकांनी चिखलाचे बांध घातले, पावसाच्या पाण्याने माती धुऊन निघू दिली आणि मग भात लावलं. बांधाला उघाडी असते: ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर पडतं, भरतीला तिची झडप बंद होते. बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की गावाने मिळून चिखल टाकायचा. त्या सामूहिक पद्धतीला जोळ म्हणत. एकदा खारं पाणी आत आलं तर पीक गेलंच, शिवाय जमीनही पुढे बराच काळ साथ देत नाही. माझ्या आजोळी उधाणाच्या रात्री माणसं कंदील घेऊन बांधावर फिरायची, ते मी पाहिलंय.

पण एवढं राबून पिकवलेल्या भाताचा मोठा वाटा खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार, न्यायचा. म्हणून 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खारेपाटातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी जमीन कसणंच थांबवलं. संप 1939 पर्यंत चालला! डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. चरीला गेलात तर आधी बांधावर जा.