फोन ठेवल्यावर सुरू होणारं भांडण

‘‘घरच्यांशी सारखे खटके उडतात. माझ्या स्वभावातच काही खोट आहे का?’’ समुपदेशनाला येणारे बरेच जण पहिल्या भेटीत या ना त्या शब्दांत हेच विचारतात. मोठं काही घडलेलं नसतं. रोजच्या बारीकसारीक कुरबुरी साचत जातात आणि एक दिवस स्वतःचीच भीती वाटू लागते. ‘नाही हो, असं काही नसतं’ एवढं सांगून मोकळं व्हायला मला आवडत नाही. त्या खटक्यांमध्ये कामाचं बरंच काही दडलेलं असतं. एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीनेच सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय पन्नाशीच्या आसपास, पूर्ण वेळ नोकरी आणि घरी एकटी सोडता येणार नाही अशी आई. धाकटी बहीण परगावी. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि ठिणगी तिथेच पडायची. ‘‘आईला आज चालवलंस का?’’ असं तिने विचारलं की ताईंचं डोकं फिरायचं. कधी त्या फटकन काही बोलायच्या, कधी ‘हो’ म्हणून फोन आईच्या हातात द्यायच्या. मग रात्रभर मनातल्या मनात उत्तरं चालायची. ‘‘फोन ठेवला की माझं खरं भांडण सुरू होतं, मॅडम,’’ त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आईच्या अंगावर त्या ओरडायच्या. सगळ्यात जास्त खंत त्यांना त्याचीच होती.

मी त्यांना आदल्या दिवशीचा फोन लिहून काढायला सांगितला. त्यांनी लिहिलं: ‘तिने मला जाब विचारला. मी आईची हेळसांड करते असं तिला वाटतं. नुसते हुकूम सोडायचे, करायला नको.’ मी म्हणाले, ‘‘हा फोन रेकॉर्ड झाला असता तर यातलं काय काय ऐकू आलं असतं?’’ बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसल्या. मग खाली पुन्हा लिहिलं:

‘‘आईला आज चालवलंस का?’’
‘‘हो.’’
‘‘किती वेळ?’’
‘‘चालवलं म्हटलं ना!’’
‘‘बरं बाई. मी आपलं विचारलं.’’

एवढंच. बाकी सगळा अर्थ त्यांनी लावलेला. तो अर्थ खोटाच होता असं मी म्हणत नाही, कदाचित खराही असेल. पण तो तपासलेला नव्हता. दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावताना आपण परिस्थिती विसरतो आणि थेट स्वभावावर बोट ठेवतो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये या सवयीला ‘मूलभूत आरोपण दोष’ म्हटलं. ताईंच्या बोलण्यात तो लख्ख दिसत होता. ‘ती खोचकच आहे, लहानपणापासून,’ आणि स्वतःबद्दल, ‘मी दमले होते म्हणून तसं बोलले.’

पुढच्या दोन-तीन भेटी आम्ही ‘चालवलंस का?’ या एका प्रश्नावरच घालवल्या. माझ्या मते खरं काम तिथेच झालं. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडायला घेतलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती सांगते की घटना आणि भावना यांच्या मध्ये आपली एक समजूत असते आणि बहुतेक वेळा ती हट्टी असते, ‘असंच व्हायला पाहिजे’ या थाटाची. ताईंची पहिली समजूत लगेच वर आली: ‘तिने न सांगता समजून घ्यायलाच हवं.’ दुसरी यायला वेळ लागला. मी सहज विचारलं, ‘‘मदतीला येऊ का, असं तिने कधी विचारलंय?’’

‘‘विचारते की. येऊन राहू का, म्हणते.’’

‘‘मग?’’

‘‘मी नको म्हणते. जमतंय म्हणते.’’

हे बोलून त्या स्वतःच थबकल्या. ‘‘मदत मागितली तर मी कमी पडले असं होईल ना. थोरलीने तक्रार करायची नसते.’’

थोरलीने तक्रार करायची नसते हा नियम ताईंनी कधी स्वीकारला हे त्यांनाही सांगता येईना. बाहेर ‘जमतंय’ म्हणायचं आणि आत ‘हिला कळत कसं नाही’ म्हणून जळायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. यात मी त्यांना दोष देत नाही. त्यांचा थकवा खरा होता, दोघींमधली कामाची वाटणी असमान होती हेही खरं. राग खरंच सांगत होता की ओझं फार झालंय, पण जिला सांगायला हवं तिच्यापर्यंत ते पोचतच नव्हतं. समजूतदारपणा म्हणजे राग गिळणं, हे मला मुळीच पटत नाही. गिळलेला राग शेवटी घरातल्या सगळ्यात अशक्त माणसावर निघतो, आणि इथे तर ते माणूस आई होती.

मग मी एक लेखन दिलं. एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 120 जोडप्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच वैवाहिक समाधान हळूहळू घसरलं. दुसऱ्या वर्षी अर्ध्या जोडप्यांनी दर चार महिन्यांनी फक्त सात मिनिटं एक लेखन केलं: नुकतंच झालेलं भांडण, दोघांचंही भलं चिंतणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या नजरेतून. त्यांची घसरण थांबली, बाकीच्यांची चालूच राहिली. अभ्यास नवरा-बायकोंचा होता, पण बहिणींसाठी वापरून बघायला काही हरकत नव्हती. ताईंनी लिहिलं: ‘एकीला आपण आईजवळ नाही याची टोचणी आहे, म्हणून ती विचारत राहते. दुसरी इतकी दमलीय की विचारपूसही तिला तपासणी वाटते.’ मी त्यांना एवढंच बजावलं की धाकटीच्या मनातलं हेही अजून अनुमानच आहे. विचारल्याशिवाय ते खरं धरायचं नाही.

बोलायचं कसं, यावर आम्ही भरपूर वेळ दिला. संध्याकाळच्या फोनवर नाही, सुट्टीच्या दिवशी सकाळी. बोलण्याची सुरुवात जशी होते, तसाच सहसा त्याचा शेवट होतो, हे जॉन गॉटमन यांच्या संशोधनात जोडप्यांच्या बाबतीत दिसलं आहे. त्यांचंच दुसरं निरीक्षण असं की तापलेल्या भांडणात हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही आणि शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात. म्हणून पहिलं वाक्य आधी ठरवलं. ताईंचं पहिलं वाक्य ‘तू नेहमी’ने सुरू होत होतं, ते खोडलं. शेवटी जमलं ते असं: ‘‘चालवलंस का असं विचारतेस ना, तेव्हा माझ्यावर भरवसा नाही असं वाटतं मला. आणि मी खूप दमलेय गं. महिन्यातला एक आठवडा तू येशील का?’’

गोड काही घडलं नाही. धाकटी उसळली. ‘‘मी कितीदा विचारलं, प्रत्येक वेळी नको म्हणालीस तू!’’ पुन्हा आवाज चढले. फरक इतकाच की या वेळी ताई म्हणाल्या, ‘‘थांब, मी उद्या फोन करते,’’ आणि खरंच केला. आठवडाभर येणं धाकटीला शक्य नव्हतं. महिन्यातून दोन दिवस ती येऊ लागली. डॉक्टरांच्या वेळा ठरवणं आणि औषधं मागवणं तिने लांबूनच अंगावर घेतलं. टोचणीचंही तिने स्वतःहून कबूल केलं, पण ते पुष्कळ नंतर, एका वेगळ्याच बोलण्यात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्या नात्यात भीती आहे, हात उगारला जातो, धमक्या दिल्या जातात किंवा पैसे अडवले जातात, तिथे स्वतःच्या समजुती तपासत बसू नका. तिथे आधी सुरक्षितता आणि मदत. हे लेखन त्यानंतरही नाही केलं तरी चालेल.

‘समोरचं माणूस बदललंच नाही तर?’ असं मला हमखास विचारतात. धाकटी अजूनही विचारते, ‘‘आईला चालवलंस का?’’ गॉटमन यांच्या पाहणीत जोडप्यांचे सुमारे 69 टक्के मतभेद कायमचे सुटत नाहीत, पुन्हा पुन्हा येत राहतात. बहिणींचं काही निराळं असेल असं मला वाटत नाही. ताई आता म्हणतात, ‘‘नाही चालवलं आज, जीवच नव्हता माझ्यात,’’ आणि त्यांना रात्री झोप लागते. आईवर आवाज चढणं पूर्ण थांबलेलं नाही, खूप कमी झालंय.

सध्या दोघींचं नवं भांडण चालू आहे: आईसाठी दिवसभराची मदतनीस ठेवायची की नाही. धाकटीला हवीय, ताईंना परकं माणूस घरात नकोय. पुढच्या आठवड्यात त्या दोघी पहिल्यांदाच एकत्र येणार आहेत. वेळ धाकटीने मागून घेतलीय.